किल्ली कोणाकडे? कुही तालुक्यातल्या एका वाचनालयाचं प्रकरण

माझं माहेर पाण्याखाली आहे. हे वाक्य इतक्या वेळा बोलून झालं आहे की त्यातलं दुःख झिजलं आणि नुसता पत्ता उरला. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण, 1988 मध्ये पायाभरणी, 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. नागपूर जिल्ह्यातल्या कुही आणि भिवापूर तालुक्यांची जी गावं त्याच्या बुडीत क्षेत्रात गेली, त्यातलं एक आमचं. जुनं गाव उठलं आणि वरच्या माळावर आखीव रस्त्यांचं नवं गाव बसलं. वाकडे बोळ गेले, चिंचा गेल्या, नदी लांब गेली. नव्या गावात सगळं काटकोनात आहे. शाळा, पाण्याची टाकी, समाजभवन, स्मशानशेड. संध्याकाळी कुठे बसायचं, हे मात्र कोणालाच कळत नव्हतं.

या गावात वाचनालय दोनदा सुरू झालं. पहिल्या वेळी मी नव्हते. दुसऱ्या वेळी होते, आणि त्या वेळच्या चुकांत मोठा वाटा माझा आहे. मी नागपूरच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं की एवढ्या अनुभवावर एका खेड्यातलं वाचनालय म्हणजे डाव्या हातचा मळ. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच सांगितलं, लिहा पण आमचं नाव नका टाकू.

पहिलं वाचनालय

एका संस्थेने गावाला लोखंडी कपाट आणि तीनेकशे पुस्तकं दिली. उद्घाटन 15 ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला. फ्लेक्स लागला, फोटो निघाले, शाळेच्या पोरांच्या हातात एकेक पुस्तक देऊन वाचतानाचाही फोटो निघाला, आणि मग पुस्तकं परत कपाटात गेली. किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे. शिपाई सकाळी टाकीवर पाणी सोडायला, दुपारी वसुलीला, संध्याकाळी घरी.

मी दोन वर्षांनी माहेरपणाला म्हणून गेले (माहेरपण म्हणजे आता भावाच्या सिमेंटच्या घरात दोन दिवस) आणि कपाट उघडायला लावलं. खालचे दोन कप्पे उधईने खाल्ले होते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेलं, खाली विटा नाहीत, आणि मागून ओल. वरच्या कप्प्यातली पुस्तकं कोरी. देवघेव नोंदवहीत एकही नोंद नाही.

मी शिपायाला बोलले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, एक पुस्तक कमी भरलं तं मले भरा लागते. कपाट बंद तं मी मोकळा."

या वाक्यावर मी नागपूरला परत येईपर्यंत चिडलेली होते. नंतर कळलं की माणूस बरोबर बोलला. ती पुस्तकं पंचायतीच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या यादीत, चढली होती. खुर्च्या, टेबल, घंटा, ध्वजस्तंभ आणि पुस्तकं. जडसंग्रहातली वस्तू कमी भरली की लेखापरीक्षणात आक्षेप, आणि आक्षेप आला की ज्याच्या ताब्यात वस्तू त्याच्यावर जबाबदारी. वापरली नाही म्हणून कोणी विचारत नाही, हरवली तर विचारतात. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावेल.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. मी तो विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी कोणीतरी विचारी की यात नियम कसला, हे तर उघडच आहे. उघड नाही. युरोपात एके काळी पुस्तकं साखळीने फळीला बांधत, हे मी उदाहरण म्हणून सांगायची. आमच्या गावात साखळीच्या जागी एक नोंदवही होती.

गावात कोण वाचतं

दुसऱ्यांदा सुरुवात करायची ठरली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं की इथं कोणी वाचत नाही. शाळेतले सर म्हणाले, भाऊ म्हणाला, सरपंचबाईही म्हणाल्या. मी अंगणवाडीतल्या वहिनीला घेऊन घरोघर फिरले. वाचता का, असं विचारलं नाही. विचारलं, घरात पुस्तक कोणतं आहे, दाखवा.

ट्रंकेतून, देव्हाऱ्याखालून, टीव्हीच्या मागून पुस्तकं निघाली. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' तर इतक्या घरांत की मी मोजणं सोडलं. पोथ्या. पंचांग. पोलीस भरतीची मार्गदर्शकं, त्यातली काही चार वर्षं जुनी आणि पेन्सिलीने रंगवलेली. आणि बौद्ध मोहल्ल्यात जवळजवळ प्रत्येक घरी बाबासाहेबांचं किंवा बाबासाहेबांवरचं एखादं तरी पुस्तक, बहुतेक दीक्षाभूमीवरून आणलेलं.

नागपूरच्या माणसाला हे नवीन नसावं, पण मी बत्तीस वर्षं डोळ्यांसमोर असून जोडून पाहिलं नव्हतं. 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षा, आणि तेव्हापासून दर अशोक विजयादशमीला तिथे लोटणारी माणसं. त्या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल ओळीने लागतात आणि लोक शिदोरीच्या पिशवीत पुस्तकं घालून गावी नेतात. शाळेने सांगितलेलं नाही, परीक्षेला येणार नाही, तरी रोजंदारीच्या पैशातून विकत घेतात. ज्या घरात सायकल नाही त्या घरात पुस्तक आहे. मग 'इथं कोणी वाचत नाही' हे कोण आणि कोणाबद्दल म्हणत होतं, याचा विचार मला नीट करावा लागला. सांगणाऱ्यांपैकी कोणीच त्या मोहल्ल्यातलं नव्हतं.

एका म्हातारीने मला बाजेवर बसवलं आणि म्हणाली, "मले वाचता येत नाही, पण आयकता येते. नातू वाचून दाखवते. तो नागपूरले गेला तवापासून पुस्तक पडून हाये." त्या दिवशी माझ्या वहीत वाचकांच्या यादीत मी ऐकणाऱ्यांचाही रकाना आखला. पुढे त्याचा उपयोग झाला, थोडा फसलाही. ते सांगते.

जागा

सगळ्यात जास्त वेळ जागेत गेला, आणि तो घालवायलाच हवा होता.

समाजभवन रिकामं होतं, पण ते ज्या ओळीत आहे त्या ओळीतल्या लोकांचंच ते आहे अशी गावाची समजूत होती. पुनर्वसनात प्लॉट वाटताना जुन्या गावातले मोहल्ले जसेच्या तसे नव्या रस्त्यांवर बसले. रस्ता सरळ झाला, पण कोणाच्या दारावरून कोण जातं हा हिशेब जुनाच राहिला. विहारातली मंडळी आनंदाने जागा द्यायला तयार होती, त्यांच्याकडे कपाटही होतं. मंदिराच्या सभामंडपाचीही तयारी होती. सरपंचबाई म्हणाल्या, "ताई, विहारात दिली तं देवळवाले येनार नाही, देवळात दिली तं विहारवाले येनार नाही, आन् कोनी म्हननार बी नाही की याच्यामुळं येत नाही. मंधात कुठंतरी पाहा."

मधे होती जुन्या रेशन दुकानाची खोली. दुकान दुसरीकडे हललं होतं. बसथांब्याला लागून, पिठाच्या गिरणीसमोर. खोली लहान, टिनाचं छत, एकच खिडकी. ग्रंथपाल म्हणून मी ती नापास केली असती. पण गिरणीवर सगळ्या मोहल्ल्यांच्या बाया येतात. दळण होईपर्यंत वीस मिनिटं, अर्धा तास त्यांना थांबावंच लागतं, आणि तिथे थांबलेल्या बाईला 'इथं काय करून राहिली' असं कोणी विचारत नाही. खोली चांगली की वाईट यापेक्षा तिथे जायला काही निमित्त आहे का, हे मोठं निघालं. गिरणीच्या आवाजाचं मात्र काही करता आलं नाही. शांतता राखा ही पाटी मी नागपूरहून नेली होती, ती अजून कपाटाच्या मागे आहे.

टिनाच्या छताचा हिशेब मी चुकवला. एप्रिलमध्ये दुपारी आत पाय ठेववेना. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, खोली त्याहून तापते. पहिल्या उन्हाळ्यात पुस्तकांच्या डिंकाने बांधलेल्या पाठी तडकल्या. मग छताला आतून बांबूचे तट्टे लावले, वर कापसाची पऱ्हाटी पसरली आणि वेळ बदलली. मुलांच्या पुस्तकांसाठी शिवलेली बांधणी पाहून घ्यायची, हे तेव्हा शिकले. पावसाळ्यासाठी कपाट विटांवर चढवलं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, आणि पुस्तकांना घातलेली प्लॅस्टिकची कव्हरं काढून टाकली. त्यात ओल अडकते. कडुनिंबाचा पाला बायकांनी स्वतःहून आणून टाकला.

पोती

नागपुरात आवाहन केलं की गावच्या वाचनालयासाठी पुस्तकं द्या. लोक धावून येतात, अगदी खरं सांगते, आणि आपली अडगळ देऊन जातात. चौदा पोती जमली. आत काय होतं? जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, संगणकाच्या कालबाह्य प्रणालींची इंग्रजी पुस्तकं, सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल, लग्नात भेट आलेली आणि कोणी न उघडलेली सुविचारांची पुस्तकं, दिवाळी अंक ज्यांची शब्दकोड्यांची पानं फाडलेली. उपयोगाची तीन पोती भरली. उरलेली रद्दीला घातली तेव्हा एका दात्याला ते कळलं आणि ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं दुःख मला कळतं. पण गावच्या पोराच्या हातात पडणारं पहिलं पुस्तक जर फाटकं गाइड असेल, तर दुसरं पुस्तक मागायला तो येत नाही.

रद्दीच्या पैशातून आणि माहेरच्या मंडळींच्या वर्गणीतून नवी पुस्तकं घेतली. (आमचं गाव बुडालं, पण त्याच्या नावाचा व्हॉट्सअॅप गट आहे. नागपुरात मानेवाड्यात, हुडकेश्वरला, शिवाय पुण्याला राहणारी पोरं त्यात आहेत. बुडालेल्या गावाच्या नावाने वर्गणी पटकन मिळते.) नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या शासकीय ग्रंथागारातून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, तिथे ते स्वस्त मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची लहान मुलांची चित्रमय पुस्तकं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या खुल्या परवान्याच्या गोष्टी, त्यातल्या काही आम्ही नागपूरला रंगीत छापून शिवून घेतल्या. मासेमारीवर मराठीत सोपं काही सापडेना. धरणामुळे ढिवर मंडळींचं नदीतलं काम जलाशयात गेलं होतं आणि त्यांना तेच हवं होतं. शेवटी सरकारी माहितीपत्रकं मिळवली आणि त्यांचाच एक गठ्ठा बांधला.

मग वर्गीकरण. माझ्या हाताला ड्युईच्या दशांश वर्गीकरणाची, म्हणजे विषयाला आकडा देण्याच्या पद्धतीची, इतकी सवय की मराठी साहित्य म्हटलं की बोटं आपोआप 891.46 लिहितात. दोन दिवस बसून मी सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवले. तिसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका पोरीने विचारलं, "आत्या, हा भाव हाये का?" पुस्तकाची किंमत आठशे एक्क्याण्णव रुपये सेहेचाळीस पैसे वाटल्यामुळे पोरं हात लावत नव्हती. आकडे खरडून काढले. आता रंगीत पट्ट्या आहेत, लाल गोष्टीला, हिरवी शेतीला, निळी बाबासाहेब आणि इतिहासाला, पिवळी परीक्षांना. एवढं पुरतं.

तीन किल्ल्या

पुस्तकं पंचायतीच्या जडसंग्रहात चढू द्यायची नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. आमची स्वतंत्र दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची वही. आणि तिच्या पहिल्या पानावर समितीचा ठराव, की वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत पुस्तकं हरवली, फाटली, भिजली तर तो खर्च धरायचा, कोणाकडून वसूल करायचा नाही. हा ठराव मंजूर करून घ्यायला मला तीन बैठका लागल्या. हिशेबी माणसांना तो उधळपट्टीचा परवाना वाटला. भाऊ म्हणाला, चोरी कायदेशीर करून राहिली तू. अनामत नाही, दंड नाही. आमच्या समितीतल्या कोणालाच हे पटलं नव्हतं, माझ्या मानाखातर हात वर झाले.

किल्ल्या तीन केल्या. एक गिरणीवाल्या काकाजींकडे, कारण गिरणी रोज उघडते. एक गावातल्या एका सुनेकडे. बारावी झालेली, घरात बसून कंटाळलेली, आणि सासूच्या मते गिरणीवर जायला हरकत नसलेली. तीच आता वाचनालय चालवते. तिसरी किल्ली पुढे पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांकडे गेली, त्याची गोष्ट नंतर.

पहिल्या वर्षी दहा टक्क्यांच्या बऱ्याच आत पुस्तकं गेली. गेलेली कोणती, हे पाहण्यासारखं होतं. भूत-राक्षसाच्या गोष्टी, स्वयंपाकाचं एक पुस्तक, पोलीस भरतीचं गणित, आणि बाबासाहेबांच्या चरित्राची सचित्र प्रत. म्हणजे जी सगळ्यात जास्त वाचली गेली तीच गेली. मी तीच परत विकत घेतली. जी कपाटात सुरक्षित राहिली त्यांचं निर्लेखन केलं पाहिजे, म्हणजे ती नोंदवहीतून काढून टाकली पाहिजेत, असं मी सुनेला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे वेड लागल्यासारखी पाहत राहिली.

मिरची

डिसेंबर संपत आला आणि वाचनालय अचानक ओस पडलं. मला वाटलं नव्याची नवलाई संपली. मग कळलं की सातरे सुरू झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुही, मांढळ, भिवापूर, पवनी हा पट्टा मिरचीचा. भिवापुरी मिरचीला तर भौगोलिक मानांकन आहे. वाळलेली लाल मिरची मोठ्या मोकळ्या जागेत पसरतात आणि बाया दिवसभर बसून तिचे देठ तोडतात. त्या जागेला सातरा म्हणतात. मजुरी किलोवर. म्हणून शाळा सुटली की लेकरंही आईच्या शेजारी बसतात, जेवढे हात तेवढे किलो. उन्हाळ्यापर्यंत हे चालतं. गावाचं वाचन संपलं नव्हतं, हात गुंतले होते.

मला तो ऐकणाऱ्यांचा रकाना आठवला. हात गुंतलेले, कान मोकळे. सुनेने आणि नववीतल्या एका पोरीने सातऱ्यावर मोठ्याने वाचून दाखवायचं असं ठरवलं. मी फार खूश होते, नागपूरच्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं. आठ दिवसांत बंद पडलं. मिरचीच्या खाटात, म्हणजे ठसक्यात, दोन पानं वाचली की खोकला येतो. बाया ओढणी नाकाला बांधून बसतात, वाचणारीला तसं वाचता येत नाही. शिवाय त्यांच्या गप्पा असतात, मोबाइलवर गाणी असतात, आणि तो वेळ त्यांचा स्वतःचा असतो. त्यात मी गोष्ट घुसवली होती. एक मावशी स्पष्टच म्हणाली, "आमी इथं बोलाले येतो वं बाई, आयकाले नाही."

त्याऐवजी पेटी गेली. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बडोद्याला बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला आणि संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, त्यात फिरत्या पेट्याही होत्या. लाकडी पेटीत थोडी पुस्तकं भरून गावोगाव पाठवत. पुढे 1931 मध्ये मद्रासकडे मन्नारगुडीला बैलगाडीवर वाचनालय फिरलं. हे सगळं मी शिकवलेलं. आम्ही टिनाची एक ट्रंक घेतली, पंचवीस पुस्तकं भरली आणि सातऱ्यावरच्याच एका मावशीच्या ताब्यात दिली. दुपारच्या सुट्टीत ती ट्रंक उघडते. कोण काय घेतं याची नोंद ती ठेवत नाही, तिला लिहिता येत नाही. ती तोंडपाठ ठेवते. आतापर्यंत तिचा हिशेब सुनेच्या वहीपेक्षा बरा निघाला आहे.

एक गोष्ट कोणत्याही ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात मला वाचायला मिळाली नव्हती. सातऱ्यावरून परत आलेल्या पुस्तकांच्या पानांत मिरचीची पूड असते. पहिल्या वर्षी दुसरीतल्या एका पोराने पुस्तक पाहून डोळे चोळले आणि अख्खी गिरणी गोळा झाली. आता ट्रंकेतली पुस्तकं कपाटात जाण्याआधी बाहेर ओट्यावर उलटी धरून झटकायची आणि कोरड्या फडक्याने पुसायची, हा नियम आहे. ट्रंकेतली पंचवीस पुस्तकं वेगळीच ठेवली तर उत्तम. त्यांच्या पाठीवर पट्टी अर्थातच तिखट लाल हवी होती, पण तो रंग गोष्टींना गेला होता.

भरतीची पोरं

संध्याकाळी सातनंतर पोरं यायला लागली. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. स्वतःची पुस्तकं घेऊन यायची, आमच्या कपाटाकडे बघायचीही नाहीत. मी एकाला हटकलं. तो म्हणाला, "आत्या, पुस्तकं हायेत आमच्यापाशी. लाइट पायजे आन् टेबल पायजे. घरी टीव्ही चालू राहते."

मला अभ्यासिका हा प्रकार मनातून आवडत नाही. नागपुरात नंदनवनपासून प्रतापनगरपर्यंत गल्लोगल्ली त्या आहेत. खुर्ची भाड्याने मिळते, आणि त्यांना वाचनालय म्हणणं मला खुपतं. इथेही तेच होणार अशी भीती होती, आणि तसं झालंही. महिन्याभरात खोलीत पोरांच्या गाइडांचे ढीग, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि धावण्याच्या वेळांचा तक्ता. मुली यायच्या बंद झाल्या. कोणी त्यांना हाकललं नव्हतं. खोली भरलेली असायची, आणि भरलेल्या खोलीत मुलगी एकटी आत जात नाही, एवढंच.

मी तावातावाने बैठक बोलावली आणि पोरांना भाषण दिलं. ते ऐकून त्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी तसंच चालू. मार्ग सुनेने काढला. तिने वेळच कापली. सकाळी सहा ते आठ मुलींचा अभ्यास, संध्याकाळी पाच ते सात बाया आणि लेकरं, साडेसात ते दहा पोरं. तिसरी किल्ली पोरांना दिली, आणि त्याबरोबर लाइटचं बिलही. मला ती किल्ली देणं मान्य नव्हतं. पण बिल भरणारा माणूस खोलीकडे वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी नंतर पाहिलं. पावसात छत गळलं तेव्हा पहाटे चारला धावायला निघालेल्या पोरांनीच कपाट ओढून कोरड्या कोपऱ्यात नेलं. मी नागपूरला झोपले होते.

मुलींची सकाळची वेळ अजून पूर्ण बसलेली नाही. सहाला घरचं पाणी भरायचं असतं. चारच येतात. सुनेचं म्हणणं, चार येतात तोवर खोली त्यांचीच.

बिलावरून आठवलं. मीटरचा अर्ज करताना मी 'व्यावसायिक' वर खूण केली, कारण आधी तिथे दुकान होतं. सहा महिने जास्त दराने भरलं. वीजदरांत सार्वजनिक वाचनालयं 'सार्वजनिक सेवा' या वर्गात बसतात. अर्ज करणाऱ्याने हे आधीच लिहावं.

पैसे आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचनालयं इथेच मरतात.

पंचायतीचं हे कामच आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, त्यात 20 वा ग्रंथालयं. पण विषय असणं आणि पैसा असणं वेगळं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्के अबंधित, म्हणजे मोकळ्या, निधीतून टेबल, फळ्या, पंखा होऊ शकत होता, तोही 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात काम आधी धरलं असेल तर. पगार आणि आस्थापनेवर हा निधी खर्चता येत नव्हता. म्हणजे सरकारी पैशातून कपाट येतं, कपाट उघडणारी बाई येत नाही. आमच्या गावचं पहिलं वाचनालय का मेलं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

दुसरा रस्ता शासनमान्यतेचा. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळाली की 'अ' ते 'ड' वर्गानुसार वाचनालय चालवण्यासाठी दरसाल परिरक्षण अनुदान मिळतं, त्यातून सेवकाचं वेतनही निघतं. त्यासाठी आधी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी हवी, सात माणसं हवीत, दरवर्षीचं लेखापरीक्षण हवं. पण 2012 नंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ बराच काळ थांबलेली होती. अनुदानाची रक्कम 2022 मध्ये 60 टक्क्यांनी वाढवली तरी ती आधी मान्यता असलेल्यांना. आम्ही नोंदणी केली, कागद तयार ठेवले, आणि अनुदान येणार नाही असं धरूनच घर चालवलं. माझ्या ओळखीत दोन वाचनालयं 'येईलच आता' म्हणत उधारीवर चालली आणि बंद पडली.

सुनेचं मानधन व्हॉट्सअॅप गटातून येतं. महिना पंधराशे. कमी आहे, मला लाज वाटते. पहिल्या वर्षी बावीस जण देत होते, आता तेरा देतात. देणारे म्हातारे होत आहेत. ज्यांनी जुनं गाव पाहिलं नाही ती त्यांची मुलं गटात आहेत, पण बोलत नाहीत.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मानधन पंचायतीच्या स्वनिधीतून द्यावं असा विषय सुनेने स्वतः लिहून दिला आहे. स्वनिधी म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा, त्यावर वर सांगितलेलं बंधन नाही, पण तो जमतोच थोडा. सरपंचबाईंची मुदत संपत आली आहे. शिपायानेच तिला विषयपत्रिकेचा नमुना आणून दिला. अर्जावर गिरणीवाले काकाजी, भरतीची पोरं आणि सातऱ्यावरच्या मावशीचा अंगठा आहे. जानेवारीत सातरे जोरात असतात, बाया दिवसा सभेला येऊ शकत नाहीत, म्हणून सभा संध्याकाळी सातला घ्यावी असाही एक वेगळा अर्ज तिने जोडला आहे. त्यावर मला सही करायला लावली नाही. म्हणाली, आत्या, तुमचं नाव मतदार यादीत नाही.